फोन आडवा धरायची गरज नाही

उज्जैनच्या फ्रीगंजात टॉवरच्या मागच्या गल्लीत चष्म्याचं एक दुकान आहे आणि त्याच्या वरच्या खोलीत अहल्या पुराणिकचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, दोन टेबलं, एक खडखडणारा कूलर आणि खिडकीच्या कठड्यावर ओळीनं मांडून ठेवलेले जुनेपुराणे मोबाईल. कुणाची काच तडकलेली, कुणाचं बटण बसलेलं. भंगारवाला एकदा ते मागायला आला होता. "ते माझे साहेब आहेत, त्यांनी पास केल्याशिवाय काम पुढे जात नाही," असं अहल्यानं त्याला सांगितलं आणि तो बिचारा चक्रावून परत गेला.

तिचं काम करायला अवघड आणि सांगायला त्याहून अवघड. वेबसाइटवरचे मोठमोठे तक्ते मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर वाचता येतील असे करून द्यायचे. मंडीतले सोयाबीनचे आणि लसणाचे भाव, कोचिंग क्लासचे निकाल, धर्मशाळेच्या खोल्यांचे दर, भैरवगढच्या कापड छापणाऱ्यांची घाऊक मालाची यादी. ही मंडळी तक्ता करतात दुकानातल्या कॉम्प्युटरवर, ऐसपैस, दहा-बारा रकान्यांचा. वाचणारा मात्र असतो ट्रॉलीत लसणाच्या पोत्यावर बसलेला, एका हातात फोन धरून. त्याला एक तर मुंगीएवढी अक्षरं दिसतात, नाही तर तक्त्याचा नुसता कोपरा. पूर्वी स्थळं यायची तेव्हा "मुलगी काय करते?" याला अहल्याची आई "कॉम्प्युटरचं काम" एवढंच सांगून चहा पुढे करायची. लग्न काही जमलं नाही. अहल्यानं ते मनाला लावून घेतलं नाही, आईनं तिच्या वाटचंही लावून घेतलं.

या धंद्याचं मूळ तिच्या वडिलांत. यज्ञेश्वर पुराणिक, घरात आणि गल्लीत सगळ्यांचे अण्णा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी वेळापत्रकं आणि दरपत्रकं ओळीवर बोट ठेवून वाचली. निवृत्तीनंतर मुलीनं मोबाईल घेऊन दिला तेव्हा हा माणूस मोठ्या हौसेनं गाड्यांचं वेळापत्रक उघडून बसला आणि थोड्याच वेळात घामाघूम झाला. डावीकडे गाडीचं नाव. वेळ बघायला तक्ता सरकवला की नाव पडद्याबाहेर. नाव बघायला मागे यावं तर वेळ गायब, आणि मधल्या मध्ये ओळच चुकलेली.

"ओळ सुटून राहिली गं," ते म्हणाले. "नाव धरावं तर वेळ जाते, वेळ धरावी तर नाव जातं. फोन आडवा धरला तर जरा दिसतं, पण मग माझा हात थरथरतो."

अहल्या तेव्हा रोज बसनं इंदूरला जाऊन-येऊन एका कंपनीत नोकरी करत होती आणि वैतागलेली होती. वडिलांचं ते रडवेलं तोंड बघून तिला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, आणि मग तिनं अख्खा रविवार त्या वेळापत्रकात घातला. असे तक्ते सुधारायचे दोन-चार मार्ग असतात. पहिला रकाना जागच्या जागी खिळवून ठेवायचा आणि बाकीचे त्याच्या मागून सरकवायचे. किंवा तक्त्याची एकेक ओळ मोडून तिची उभी चिठ्ठी करायची, प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं नाव लिहून. किंवा ज्यांची गरज कमी ते रकाने उभ्या फोनवर लपवायचे. फोन आडवा धरला, जागा वाढली, की ते आपोआप दिसतात. कुठल्या तक्त्याला कुठला मार्ग, हे ओळखण्यात सगळी अक्कल. तिला ती होती, म्हणून नोकरी सोडून तिनं चष्म्याच्या दुकानावरची खोली घेतली.

कुठलाही तक्ता गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी अण्णांच्या फोनवर जायचा. अण्णा चष्मा पुसून, फोन उभा धरून परीक्षेला बसल्यासारखे बसत. अहल्या विचारायची, नीमचला लसूण काय भावानं गेला? कोपऱ्यातल्या खोलीचं भाडं किती? अण्णा शोधायचे. फोन एकदाही आडवा न करता सापडलं तर तक्ता पास. तिनं आपल्या कार्डावर नावाखाली तेच छापून घेतलं होतं: फोन आडवा धरायची गरज नाही. अण्णा ती कार्डं खिशात घालून हिंडायचे आणि पेन्शनच्या कामाला बँकेत गेले की लोकांना वाटायचे. मुलगी डॉक्टर असती तरी त्यांनी इतका तोरा मिरवला नसता.

आईला, सुलूला, यातलं काही कळत नव्हतं आणि न कळण्याची तिला लाजही नव्हती. एकदा अहल्या धर्मशाळेचा तक्ता दाखवत होती. कॉम्प्युटरवर रकाने भरपूर, फोनवर चारच.

"बाकीचे कुठे गेले?" आईनं विचारलं.

"लपवले. ज्याला लागतील तो फोन आडवा धरून बघेल."

"लपवले? घरी आलेल्याला लपवतात का?"

"जागा नाही गं आई."

"सिंहस्थात कुठे होती जागा?"

हे मात्र खरं होतं. मागच्या सिंहस्थात पुराणिकांच्या दोन खोल्यांत साताऱ्यापासून ग्वाल्हेरपर्यंतचे नातेवाईक उतरले होते. पलंगावर माणसं, पलंगाखाली माणसं, ओट्याखाली पोरं. अण्णा म्हणत होते की निम्म्यांना शेजारी पाठवू, व्यासजी घ्यायला तयार आहेत. सुलूनं ऐकलं नाही. एकावर एक रचले, पण सगळे घरात घेतले. त्या दिवशी अहल्या हसली, पण धर्मशाळेच्या तक्त्याच्या तिनं चिठ्ठ्या करून टाकल्या आणि लपवालपवी शक्यतो सोडून दिली.

मग एक वर्ष असं आलं की दिवाळी झाली आणि अण्णा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, खाटेवर खिळले. सुलूनं घर आणि दवाखाना यांच्यामध्ये डबा घेऊन येरझाऱ्या सुरू केल्या. त्रिपुरी पौर्णिमेला अण्णा बरे व्हावेत म्हणून ती रामघाटावर दिवा सोडून आली. त्यानंतर चार-पाच दिवसांत, सकाळी डब्याचं झाकण लावता लावता ती खाली बसली ती उठलीच नाही. तिच्या स्वतःच्या छातीत काही दुखतंय हे तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं.

अण्णांना हलवता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. मग अहल्यानं काय करावं? तिनं फोन लावला, व्हिडिओ सुरू केला आणि आईसमोर धरला. पण पडद्यात आई मावेना. चेहरा घेतला तर हात दिसेनात, लांबून घेतलं तर चेहरा ओळखू येईना.

"हात दाखव तिचे," अण्णा खाटेवरून म्हणाले.

तिनं फोन खाली नेला.

"आता परत तोंड दाखव."

तिनं वर नेला. असं बराच वेळ चाललं. जन्मभराची बायको अण्णांनी शेवटची पाहिली ती अशी, तुकड्यातुकड्यानं. अहल्याच्या काळजाचं तेव्हा पाणी झालं. पण रडायला तिला सवड नव्हती, कारण चक्रतीर्थावर आईला अग्नी तिलाच द्यायचा होता.

संध्याकाळी शेजारचे व्यासजी दवाखान्यात गेले. अण्णांनी त्यांना एकच गोष्ट विचारली, आज तिथी कुठली?

"अगहन बदी पंचमी, भाईसाब," व्यासजी म्हणाले. "भाभीजी पुण्यात्मा थीं."

अण्णांना बायकोचं शेवटचं काही मिळालं नव्हतं. ना तिच्या तोंडात पाणी घालायला, ना खांदा द्यायला. मिळाली ती एवढी तिथी, आणि ती त्यांनी गच्च धरून ठेवली.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. उज्जैनच्या मराठी घरात दोन पंचांगं नांदतात. आपला महिना अमावास्येला संपतो, शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोघांचं एकमत असतं, वद्य पक्ष लागला की शेजारी एक महिना पुढे निघून जातात. शेजाऱ्यांच्या श्रावणात महाकालाची सवारी निघायला लागते तेव्हा मराठी घरात अजून आषाढ संपलेला नसतो. व्यासांच्या घरी अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागतो तेव्हा पुराणिकांकडे कार्तिकातलाच वद्य पक्ष असतो. अण्णांना हे ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण पाय टांगलेला असताना, बायको गेलेल्या संध्याकाळी माणसानं कुठलं पंचांग कुणाचं हे तोलत बसावं, अशी अपेक्षा करणाऱ्यापुढे हात जोडावेत. त्यांनी अगहनचा मार्गशीर्ष केला, बदीचं वद्य केलं आणि मनात ठेवलं. बाराव्या-तेराव्याचं चुलतभावांनी येऊन उरकलं, दर महिन्याची मासिक श्राद्धंही त्यातच आटोपून घेतली, आणि महिन्यांचा विषय घरात पुन्हा निघालाच नाही.

घरी आल्यावर वॉकर धरून पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा अण्णा म्हणाले, "अग्नी तू दिलास. वर्षश्राद्ध मी करणार. रामघाटावर जाऊन, माझ्या हातानं."

"अण्णा, घाटाच्या पायऱ्या आहेत. खाली बसावं लागतं."

"बसेन. वर्ष पडलंय."

आणि खरोखर त्या माणसानं वर्षभर दुसरं काही केलं नाही. वॉकर सुटला, काठी आली. घराच्या जिन्यावर रोज एक पायरी जास्त चढायचे. पाटावर बसायचा सराव करायचे, भिंतीला पाठ घासत खाली जायचे आणि दात-ओठ खाऊन वर यायचे. "ऑलिंपिकला जायचंय का?" अहल्या चिडवायची. "त्याहून मोठं आहे," अण्णा म्हणायचे. त्यांना दुखायचं, पण त्या दुखण्यावरच ते जगत होते. सुलूसाठी एक तरी गोष्ट आपल्या हातून नीट व्हावी, एवढीच त्यांची मागणी होती.

गुढीपाडव्याच्या आधी मराठी मंडळाचे सचिव वसंतराव अहल्याकडे आले. त्यांना मंडळाच्या वेबसाइटवर वर्षाचं पंचांग हवं होतं.

"महिना दोन्ही पद्धतींनी टाक बेटा," ते म्हणाले. "एक रकाना मराठीचा, एक हिंदीचा. आपली पोरं गडबड करून राहिली. एकानं तर बापाचं श्राद्ध महिनाभर आधीच उरकून टाकलं."

अहल्यानं टाकला. आधी तिनं नेहमीसारख्या चिठ्ठ्या केल्या, पण वर्षाच्या सगळ्या दिवसांच्या चिठ्ठ्या म्हणजे मारुतीचं शेपूट. अण्णा परीक्षेला बसले आणि कंटाळले. "चैत्रातून निघालो, आषाढातच बोट दुखायला लागलं," ते म्हणाले. तिला त्यांची दया आली. मंडळाला घाई होती, तिच्या हातात दुसरी कामं होती. तिनं चिठ्ठ्या मोडल्या आणि रकाने लपवले. नक्षत्र लपवलं, योग लपवला, सूर्योदय लपवला, आणि शेवटी हिंदी महिनाही लपवला. मराठी मंडळ, मराठी वाचणारे. मराठी महिना पुरे. फोन आडवा धरला की सगळं येतंच. वसंतरावांनी तक्ता बघितला तो ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर, सगळ्या रकान्यांसकट, आणि झकास म्हणाले. अण्णांनी बघितला तो उभ्या फोनवर, आणि अक्षय्य तृतीया चटकन सापडल्यावर पास करून टाकला. बाकीचे कुठे गेले, असं विचारणारं त्या घरात आता कुणी नव्हतं.

पितृपक्षाच्या सुमारास एक दिवस अण्णांनी आतून हाक मारली. "सापडली! मार्गशीर्ष वद्य पंचमी, डिसेंबरात येऊन राहिली. तुला विचारावंसुद्धा लागलं नाही."

"डिसेंबर?" अहल्या म्हणाली. "मला वाटलं नोव्हेंबरात येईल."

"तिथी काय तारखेला बांधलेली असते? मागेपुढे होते. तुझ्याच तक्त्यात आहे, बघ."

तिनं बघितलं. मार्गशीर्ष वद्य पंचमी, डिसेंबर. स्वच्छ, मोठ्या अक्षरांत. अण्णांनी कुणाच्याही मदतीशिवाय शोधून काढलं याचा तिला इतका आनंद झाला की शंका तिथंच विरली. अण्णांनी रामघाटावरच्या माधव गुरुजींना फोन करून तिथी सांगितली आणि वेळ ठरवून घेतली.

नोव्हेंबरात अहल्यानं घर आवरायला काढलं. श्राद्धाला आत्या येणार, मामा येणार, सामान ठेवायला जागा हवी. एका रविवारी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बर्तनवाली दारावर आली आणि अहल्यानं आईचं कपाट उघडलं. साड्या एकेक करून बाहेर आल्या. भैरवगढी छापाची विटकरी साडी अण्णांनी मांडीवर ओढून घेतली. सुलूची रोजची साडी, धुऊन धुऊन मऊ झालेली.

"ही राहू दे," ते म्हणाले.

"अण्णा, पदर फाटलाय तिचा. किती कवटाळून बसणार? पुढच्या महिन्यात श्राद्ध होईल. तुमचंही मन मोकळं व्हायला पाहिजे ना?"

अण्णांनी साडी दिली. बर्तनवालीनं हुज्जत घालून घालून शेवटी एक मोठा स्टीलचा डबा दिला, घट्ट झाकणाचा. ती गेल्यावर अण्णांनी तिच्या हेंगाड्या आवाजाची नक्कल केली आणि दोघंही कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली. दुपारी कचोरी मागवून खाल्ली. दिवस चांगला गेला.

डिसेंबरात ठरलेल्या सकाळी आत्या-मामांना घरी स्वयंपाकाला ठेवून दोघं रामघाटावर गेले. थंडी चांगलीच पडली होती. अण्णांनी कडक धुतलेलं धोतर नेसलं होतं. एका हातात काठी, दुसऱ्या हाताखाली अहल्याचा खांदा, असे ते पायऱ्या उतरले. गुरुजींनी स्टूल पुढे केलं होतं ते त्यांनी पायानं बाजूला सारलं आणि पाटावर बसले. बसताना तोंडातून हूं की चूं नाही. बसल्यावर त्यांनी अहल्याकडे असं बघितलं की जणू आत्ता सुलू वरच्या पायरीवर उभी राहून हे बघते आहे. पिंडांचा भात अहल्यानं त्या नव्या डब्यात आणला होता. तो तिनं गुरुजींच्या समोर ठेवला.

गुरुजी दर्भ मांडत होते. मांडता मांडता सहज म्हणाले, "काकूंना मी पाहिलं होतं गेल्या वर्षी. त्रिपुरी पौर्णिमेला इथंच दिवा सोडून गेल्या. चांगल्या चालत्याबोलत्या होत्या."

"हो ना," अहल्या म्हणाली. "त्यानंतर चार-पाच दिवसांतच गेली."

गुरुजींचा हात थांबला.

"त्रिपुरीनंतर चार-पाच दिवसांत? तो तर कार्तिक वद्य, ताई. मार्गशीर्ष कसा होईल?"

"व्यासजींनी सांगितलं होतं," अण्णा म्हणाले, "अगहन बदी—"

आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांना कळलं. तिथं बसलेल्या तिघांत सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं. पण माणूस हातातली गोष्ट अशी सहज सोडत नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून फोन काढला.

"थांबा गुरुजी. हे बघा, इथं लिहिलंय. हे माझ्या मुलीनं केलंय. हिच्या कामात चूक नसते."

त्यांनी फोन उभाच गुरुजींपुढे केला. गुरुजींनी समोरून फोन धरला तो आडवा. तक्ता पसरला आणि लपवलेले रकाने एकामागून एक बाहेर आले, सूर्योदय, नक्षत्र, योग, आणि अगदी कडेला हिंदी महिना. गुरुजींचं बोट वर वर सरकत नोव्हेंबरात गेलं. कार्तिक वद्य पंचमी. त्याच ओळीत, अहल्यानं मुद्दाम निवडलेल्या सुबक ठळक अक्षरांत: अगहन.

"ही होती काका," गुरुजी हळू म्हणाले. "मागच्या महिन्यात झाली. रविवार होता."

कुठला रविवार ते अहल्याला कुणी सांगायला नको होतं. त्या रविवारचा डबा तिच्यासमोर होता, आईच्या साड्या देऊन घेतलेला. आईच्या पहिल्या वर्षाच्या तिथीला तिच्या नावानं ओंजळभर पाणी सोडायचं, तर तिनं आईचं कपाट रिकामं केलं होतं. अण्णांच्या मांडीवरची साडी ओढून घेतली होती. आणि मग बसून कचोरी खाल्ली होती. तिला वाटलं, ही पायरी फाटावी आणि आपण आत जावं.

गुरुजी भला माणूस. म्हणाले, "बिघडलं काही नाही. राहिलेलं श्राद्ध वद्य एकादशीला करता येतं, शास्त्राला धरून आहे. एकादशीला या, मी सगळं नीट करवून घेईन."

"बरं," अण्णा म्हणाले. मग अहल्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "त्या रविवारी आपण काय करत होतो गं?"

"काही नाही अण्णा. घरीच होतो."

अण्णांनी डब्याकडे बघितलं. झाकणावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्यांनाही आठवत होतं. मग ते उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. वर्षभर सराव केलेलं ते अंग जागच्या जागी संपलं होतं. गुरुजींनी एका बाजूनं आणि अहल्यानं एका बाजूनं धरून त्यांना उभं केलं.

परतताना रिक्षात अहल्याला राहवलं नाही. "अण्णा, तो महिना मी लपवला होता. फोनवर जागा नव्हती म्हणून. वसंतरावांनी बजावून सांगितलं होतं, तरी मी लपवला."

"तू कशाला लपवशील?" अण्णा बाहेर बघत म्हणाले. "तुझं बरोबरच होतं. मीच फोन आडवा धरून बघायला हवा होता."

त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. अहल्या चालत्या रिक्षात ओक्साबोक्शी रडली, आईच्या वेळी रडायची राहिली होती ती सगळी रडली. अण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि तो हात तिला सहन होईना.

एकादशीला श्राद्ध झालं. यथासांग झालं, गुरुजींनी काही कमी ठेवलं नाही. पण अण्णा या वेळी स्टुलावर बसले आणि सांगतील तसं करत गेले, लेट झालेल्या पार्सलाची नोंद करावी तसं, मान खाली घालून. ज्या एका गोष्टीसाठी ते चालायला शिकले होते ती त्यांच्या हातून निसटली होती. पहिलं वर्ष काही दुसऱ्यांदा येत नाही. जिना चढणं त्यांनी सोडलं आणि थोड्याच दिवसांत माळ्यावरचा वॉकर खाली काढायला सांगितला. अहल्या गल्लोगल्ली त्या बर्तनवालीला शोधत हिंडली. सापडली तेव्हा ती म्हणाली, "वो तो कब की बिक गई, दीदी."

तक्ता तिनं दुरुस्त केला. दोन्ही महिने एकाच घरात घातले, कार्तिकाच्या खाली बारीक अक्षरांत अगहन. एकावर एक. टेबलावरचा चहा निवायच्या आत झालं, इतकं सोपं होतं. आईनं तर केव्हाच सांगितलं होतं. कार्डांचा उरलेला गठ्ठा तिनं खालच्या चष्मेवाल्याला हिशेब करायला देऊन टाकला, पाठकोरी बाजू वापर म्हणून.

मग तिनं तो तक्ता अण्णांकडे नेला. अण्णांनी चष्मा पुसला, फोन उभा धरला. सापडलं. मग आडवा धरला. मग पुन्हा उभा. आता ते सगळंच असं बघतात. लाइटचं बिल, बातम्या, आत्याचा निरोप, सगळं एकदा उभं, एकदा आडवं. सुलूचा फोटोसुद्धा. फोन आडवा केला की ती दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये एवढीशी होते, तरी ते दोन्ही कडांना नीट निरखून बघतात.

"काही दिसायचं राहिलं नाही ना गं?" त्यांनी विचारलं.

"नाही अण्णा," अहल्या म्हणाली. "आता सगळं आहे."

अण्णांनी मान हलवली आणि फोन पुन्हा एकदा आडवा धरला.